कार्यशाळा आणि सेमिनारसाठी साउंडचं नियोजन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कंपनीत कार्यशाळा ठरली की कुणा एकावर हॉल, नोंदणी, प्रोजेक्टर आणि जाता जाता ‘साउंडचंही बघ’ अशी जबाबदारी येते. ही उत्तरं त्या माणसासाठी आहेत. मी अनेक वर्षं साउंड मिक्सरच्या मागे बसतो आहे. दिवसभर शिकायला आलेल्या माणसाला अर्धं वाक्य ऐकू आलं आणि अर्धं आलं नाही, तर तो दिवस वाया गेला असं मी मानतो.

हॉल ठरल्यावर साउंडचं बघितलं तर चालत नाही का?

चालतं, पण तोवर निम्मा निकाल लागलेला असतो. आवाज खराब होण्याचं सगळ्यात मोठं कारण खोली असते, आणि ती ऐनवेळी बदलता येत नाही.

१८९५ साली हार्वर्ड विद्यापीठातल्या एका नव्या व्याख्यानगृहात कुणाचंच बोलणं समजेना. एकेक शब्द पाच-साडेपाच सेकंद घुमत राहायचा, म्हणजे पुढचे दहा-पंधरा शब्द त्याच्यावरच येऊन आदळायचे. वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाकडे हे काम आलं. रात्रीच्या शांततेत शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या आणून तो त्या व्याख्यानगृहात ठेवायचा, ऑर्गनची नळी वाजवायचा आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचा. जितक्या गाद्या जास्त, तितकं घुमणं कमी. खोलीतला आवाज ६० डेसिबलने उतरायला लागणारा वेळ, हे आजही वापरलं जाणारं माप त्याच कामातून आलं. बोलण्यासाठीच्या खोलीत हा वेळ एक सेकंदाच्या आत असावा, ०.६ ते ०.८ सेकंद असेल तर उत्तम.

तुम्हाला यंत्राची गरज नाही. हॉल बघायला जाल तेव्हा मधोमध उभं राहून एक जोरदार टाळी वाजवा. ‘टप्’ होऊन थांबली तर ठीक. मागे ‘र्र्र्र’ अशी शेपटी राहिली तर तो हॉल बोलण्यासाठी वाईट आहे, मग दिसायला कितीही देखणा असो. काचेच्या भिंती, चकचकीत फरशी आणि उघडं छत एकत्र आलं की हेच होतं. गालिचा, जाड पडदे आणि गादीच्या खुर्च्या घुमणं खातात. माणसंही खातात, म्हणून भरलेला हॉल रिकाम्यापेक्षा थोडा बरा वाजतो.

मग एसी पूर्ण वेगात लावायला सांगा आणि दोन मिनिटं गप्प उभे राहून त्याची घरघर किती येते ते ऐका. मधे सरकती भिंत असेल, तर त्या दिवशी पलीकडे काय आहे ते विचारा. सरकती भिंत आवाज फारसा अडवत नाही.

साउंडवाल्याला नेमकं काय सांगायचं?

‘दीडशे माणसं आहेत, चांगला साउंड पाहिजे’ एवढं सांगितलं तर तो अंदाजाने सामान आणेल, आणि बहुतेक वेळा ते जरुरीपेक्षा मोठं आणि चुकीचं असेल. हॉलची लांबी, रुंदी आणि छताची उंची सांगा. खुर्च्या ओळीत आहेत, गोल टेबलं आहेत की यू आकाराची मांडणी, ते सांगा. एका वेळी जास्तीत जास्त किती जण बोलणार आणि सहभागी लोक बोलणार का, हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. लॅपटॉपवरून व्हिडिओ वाजणार का, कुणी ऑनलाइन जोडलेलं असणार का, रेकॉर्डिंग हवंय का, दुभाषी आहेत का, तेही सांगा. शेवटी, हॉल किती वाजता ताब्यात मिळतो आणि विजेचे पॉइंट कुठे आहेत. मोबाईलवर हॉलचे चार फोटो काढून पाठवले तर त्याचं निम्मं काम होतं.

किती वॅटचा साउंड लागेल?

हा प्रश्न सगळे पहिला विचारतात. बोलण्याच्या कार्यक्रमात त्याचं महत्त्व सगळ्यात कमी आहे. वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, कानाला फरक जेमतेम कळतो. उलट स्पीकरपासूनचं अंतर दुप्पट झालं की मोकळ्या जागेत आवाज ६ डेसिबलने पडतो. बंद खोलीत भिंतींवरून परत आलेला आवाज ही घट थोडी भरून काढतो, पण ती भर घुमण्याची असते, स्पष्टतेची नसते. त्यामुळे ताकद वाढवण्यापेक्षा अंतर कमी करणं केव्हाही जास्त फायद्याचं.

खुर्चीवर बसलेल्या माणसापर्यंत बोलणं साधारण ७० ते ७५ डेसिबलने पोचावं, आणि खोलीतली घरघर त्याच्याहून किमान १५ डेसिबलने खाली असावी. मध्यम हॉलला दहा किंवा बारा इंची दोन चांगले टॉप (मुख्य स्पीकर) पुरतात. ते स्टँडवर इतके उंच हवेत की आवाज पहिल्या रांगेच्या डोक्यावरून मागच्या रांगेच्या कानात जाईल. टॉप जमिनीवर किंवा टेबलावर ठेवला तर पुढच्यांचे कान किटतात आणि मागच्यांना फक्त गुणगुण येते. बेसचा वेगळा डबा बोलण्याला लागत नाही. उलट मिक्सरवर १०० हर्ट्झच्या खालचं, म्हणजे खर्जातलं, सगळं कापून टाकलं तर बोलणं मोकळं होतं.

वीस-पंचवीस जणांच्या खोलीत माईक कशाला?

‘माझा आवाज मोठा आहे, मला माईक नको’ असं म्हणणारे प्रशिक्षक प्रत्येक कार्यक्रमात भेटतात. त्यांचा आवाज खरंच मोठा असतो. पण माणूस ओरडून बोलतो तेव्हा मुख्यतः स्वर फुगतात, व्यंजनं त्या प्रमाणात वाढत नाहीत. बोलण्याची ताकद स्वरांत असली तरी अर्थ व्यंजनांत असतो, आणि ती बरीचशी २,००० ते ४,००० हर्ट्झच्या पट्ट्यात असतात. ‘साठ टक्के’ म्हटल्यावर मागच्या टेबलावर ‘स’ पोचला नाही तर तिथे ‘आठ टक्के’ लिहिलं जातं. असं लिहिलेलं मी सहभागींच्या वहीत पाहिलं आहे.

शिवाय सहा तास आवाज चढवून बोलायचं म्हणजे दुपारनंतर घसा बसणार. आणि थोडं कमी ऐकू येणारा माणूस चारचौघांत हात वर करून तसं सांगत नाही, तो मान हलवत बसतो. खोली लहान असेल तर माईक हळू ठेवा. पण असू द्या.

कॉलर माईक, हेडसेट की हातातला माईक?

दिवसभराच्या कार्यशाळेला माझी पसंती हेडसेटला. त्याचा छोटा माईक ओठांच्या कोपऱ्याजवळ राहतो. प्रशिक्षक पडद्याकडे वळला, वाकला, मागे बघून बोलला तरी अंतर बदलत नाही. माईक तोंडासमोर नको, बाजूला हवा, नाहीतर प्रत्येक ‘प’ आणि ‘फ’ला फुंकर आदळते. गालावर पारदर्शक वैद्यकीय टेपचा एक तुकडा लावला की तो हलत नाही.

कॉलर माईक दिसायला नीटस, पण तो हनुवटीच्या वीतभर खाली असतो, म्हणून मिक्सरवर त्याचा आवाज जास्त वाढवावा लागतो आणि शिट्टीची शक्यता वाढते. प्रशिक्षकाने उजवीकडच्या पडद्याकडे मान वळवली आणि माईक डाव्या कॉलरला असला, की वाक्याचा तेवढा भाग गेला. लावायचाच असेल तर छातीच्या मध्यरेषेवर लावा, आणि आधी गळ्यातलं ओळखपत्र काढून ठेवायला सांगा. ओळखपत्राची प्लास्टिकची कडा माईकला लागून होणारा ‘टक्, टक्’ आवाज मिक्सरवरून काढता येत नाही. तो बोलण्याच्याच पट्ट्यात असतो. लांब साखळी आणि सळसळणारा स्कार्फ यांचंही तेच.

हातातला माईक आवाजाला सगळ्यात चांगला, फक्त तो तोंडाजवळ धरला पाहिजे. ५ सेंटिमीटरवरचा माईक १० सेंटिमीटरवर गेला की ६ डेसिबल गेले. लोक बोलता बोलता तो पोटापर्यंत खाली नेतात आणि मग ऑपरेटरकडे बघतात. जाळीभोवती मूठ आवळून धरणंही वाईट. माईकची मागचा आवाज नाकारण्याची रचनाच त्याने बंद पडते आणि शिट्टी येते.

पोडियमवर वाकणारा लांब मानेचा माईक ठीक, पण तो भाषणासाठी. कार्यशाळेतला प्रशिक्षक पोडियममागे थांबत नाही.

माईक शिट्टी का मारतो?

माईकमधला आवाज स्पीकरमधून बाहेर येतो, परत माईकमध्ये शिरतो, आणखी मोठा होऊन बाहेर येतो. हे चक्र ज्या सुरावर आधी जुळतं त्या सुरात ‘कुंऽऽई’ सुरू होतं. डेन्मार्कचे भौतिकशास्त्रज्ञ लार्सन यांच्यावरून याला लार्सन परिणाम म्हणतात.

उपायांचा क्रम महत्त्वाचा. आधी स्पीकर बोलणाऱ्याच्या पुढे न्या, म्हणजे माईक स्पीकरच्या मागे राहील. मग माईक तोंडाजवळ आणा. मग लागत नसलेले माईक बंद करा, कारण उघड्या माईकची संख्या दुप्पट झाली की शिट्टीपूर्वीची मोकळीक ३ डेसिबलने घटते. एकाऐवजी आठ माईक उघडे म्हणजे ९ डेसिबल गेले. इक्वलायझर (ठरावीक सूर कमी-जास्त करणारी बटणं) फिरवणं सगळ्यात शेवटी. कार्यशाळेत प्रशिक्षक लोकांमध्ये, म्हणजे स्पीकरच्या समोर, फिरणारच असेल तर त्याच्यासोबत एकदा पूर्ण चक्कर मारून शिट्टी कुठे येते ते आधीच पाहून ठेवा, आणि तिथे जमिनीवर टेपची खूण करा.

सहभागींच्या प्रश्नांसाठी माईकची सोय कशी करायची?

माझ्या मते कार्यशाळेचं सगळं साउंड नियोजन इथून सुरू व्हायला हवं. होतं उलटंच: व्यासपीठावर तीन माईक असतात आणि ऐकणाऱ्या शंभर जणांसाठी एकही नसतो.

एका कार्यशाळेत प्रश्नोत्तरं रंगली होती. पुढच्या दोन रांगांतले लोक विचारत होते, वक्ता उत्तर देत होता, पुढच्या टेबलांवर हशा पिकत होता. मी मागे मिक्सरवर होतो आणि मला एकाही प्रश्नाचा शब्द कळला नव्हता. माझ्या शेजारच्या रांगेत एक बाई वही मिटून बसल्या होत्या. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, “उत्तर ऐकू येतंय हो, पण कशाचं उत्तर आहे ते कळत नाही.” त्या दिवशी फिरता माईक मागितला गेला नव्हता, आणि मीही स्वतःहून नेला नव्हता. त्यानंतर मी तो सामानाच्या यादीत नसला तरी नेतो.

ओळीत खुर्च्या असतील तर दोन कॉर्डलेस माईक आणि ते नेणारी दोन माणसं, हॉलच्या दोन्ही बाजूंना एकेक. ही माणसं आधी ठरवा, त्यांना नावाने सांगून ठेवा. एकजण बोलत असताना दुसरा माईक पुढच्या हात वर केलेल्या माणसाकडे पोचलेला असावा, म्हणजे मधे शांतता पडत नाही. माईक हातात देऊन निघून न जाता जवळ थांबा, लोक परत द्यायला विसरतात. रांगांमध्ये जायला वाट ठेवा. भिंतीला खेटून लावलेल्या खुर्च्यांपर्यंत माईक पोचत नाही.

यू आकाराच्या मांडणीत बटण दाबून बोलायचे टेबलमाईक सोयीचे, दर दोन माणसांमागे एक. गोल टेबलं असतील तर प्रत्येक टेबलावर एक हातातला माईक आडवा ठेवता येतो, पण मग आठ-दहा माईक एकदम उघडे राहू नयेत म्हणून ऑटोमिक्सर लागतो. जो बोलतोय त्याचा माईक तो आपोआप वर घेतो आणि बाकीचे खाली. हे तंत्र डॅन डुगन यांनी १९७० च्या दशकात आणलं आणि आज बऱ्याच डिजिटल मिक्सरमध्ये ते असतं. सामान मागवताना विचारा.

आणि काहीच सोय नसेल तर वक्त्याला एक सवय लावायला सांगा: प्रश्न ऐकला की आधी माईकवर तो पुन्हा बोलून दाखवायचा, मग उत्तर.

गटचर्चेच्या वेळी इतका गोंगाट का होतो?

कारण आजूबाजूला आवाज वाढला की माणूस नकळत आपला आवाज चढवतो. एतियेन लोम्बार्ड या फ्रेंच डॉक्टरने १९११ मध्ये हे नोंदवलं. एक टेबल चढलं की शेजारचं चढतं. टेबलांत अंतर वाढवा, पार्श्वसंगीत लावू नका, आणि चर्चा थांबवायची वेळ झाली की माईकवरून ओरडण्याऐवजी घंटीचा ठरलेला एक आवाज वाजवा.

हॉल लांबट असेल तर?

पुढचे स्पीकर फाडून वाजवण्याऐवजी मध्यावर आणखी एक जोडी लावा, पण उशीर देऊन. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे १७ मीटर जायला त्याला ५० मिलिसेकंद लागतात. मधल्या स्पीकरला आवाज तारेतून विजेच्या वेगाने पोचतो, म्हणून तिथे बसलेल्याला आधी जवळचा आणि मग पुढचा, असं प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू येतं. मधल्या जोडीला मिक्सरवरून तेवढा उशीर आणि वर १० ते १५ मिलिसेकंद दिले, की कानाला सगळा आवाज व्यासपीठाकडूनच येतोय असं वाटतं. कान पहिल्यांदा आलेल्या आवाजाची दिशा धरतो.

लॅपटॉप जोडला की ‘हूंऽऽ’ असा आवाज येतो. का?

लॅपटॉपचा चार्जर आणि मिक्सर वेगवेगळ्या पॉइंटवर असले की अर्थिंगचं वेटोळं तयार होतं आणि विजेची घरघर आवाजात उतरते. चार्जर काढून पाहा. घरघर थांबली तर कारण सापडलं. पक्का उपाय म्हणजे मधे डीआय बॉक्स, म्हणजे दोघांमधलं हे वेटोळं तोडणारी छोटी डबी.

एक विचित्र तक्रार वरचेवर येते: व्हिडिओतलं संगीत ऐकू येतं, पण माणसाचं बोलणं जवळजवळ गायब. स्टीरिओ जॅक चुकीच्या केबलने एकाच बॅलन्स्ड इनपुटला (दोन तारांतला फरक घेणाऱ्या जागेला) जोडला की असं होतं. दोन्ही बाजूंना सारखा असलेला आवाज एकमेकांतून वजा होतो, आणि बोलणं बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना सारखंच असतं. डावा-उजवा वेगळा करणारी केबल लावा. आवाज अजिबातच आला नाही, तर लॅपटॉप तो एचडीएमआयमधून प्रोजेक्टरला पाठवतोय का ते सेटिंगमध्ये बघा. ब्लूटूथने मात्र जोडू नका, ओठ आणि शब्द मागेपुढे होतात.

काही लोक ऑनलाइन असतील तर?

मग दोन वेगळी मिश्रणं लागतात. ऑनलाइन लोकांना हॉलमधले सगळे माईक ऐकू यायला हवेत, पण त्यांचा स्वतःचा आवाज परत जाता कामा नये, नाहीतर त्यांना आपलंच बोलणं प्रतिध्वनीसारखं येतं आणि ते बोलायचं सोडून देतात. मिक्सरच्या ऑक्स आउटपुटवर (मुख्य स्पीकरपेक्षा वेगळं मिश्रण बाहेर काढायच्या जागेवर) लॅपटॉपचा चॅनल शून्य ठेवून बाकी सगळे माईक पाठवले की हे साधतं. याला मिक्स-मायनस म्हणतात. तो आउटपुट यूएसबी इंटरफेसमधून (मिक्सरचा आवाज लॅपटॉपला देणाऱ्या डबीतून) बैठकीच्या लॅपटॉपमध्ये घ्या.

लॅपटॉपचा अंगचा माईक वापरू नका. त्याला पंखा, खुर्च्या आणि दूरवर कुणीतरी बोलल्याचा भास एवढंच ऐकू येतं. हॉलमधल्या इतरांनी त्याच बैठकीत आपल्या लॅपटॉपवरून शिरताना आवाजच जोडू नये, एकाचा स्पीकर चालू राहिला तरी शिट्टी सुरू होते. आणि एक माणूस इयरफोन लावून दुसऱ्या खोलीतून तीच बैठक ऐकत बसवा. बाहेर काय पोचतंय ते हॉलमधून कळत नाही.

कॉर्डलेस माईक मधेच तुटतो, काय करायचं?

रिसीव्हर कपाटात किंवा टेबलाखाली असेल तर बाहेर काढा आणि अँटेना माणसांच्या डोक्यांच्या वर न्या. माणसाचं शरीर रेडिओ लहरी शोषतं, त्यामुळे रिकाम्या हॉलमध्ये उत्तम चाललेला माईक हॉल भरल्यावर तुटतो. वाय-फायच्याच २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात चालणारे माईक शंभर मोबाईल आत आल्यावर अडखळू शकतात. शेजारच्या हॉलमध्येही कॉर्डलेस असतील तर त्या ऑपरेटरला भेटून फ्रिक्वेन्सी वाटून घ्या. सेल अर्धे असले तरी मधल्या सुट्टीत बदला.

मोबाईलवर रेकॉर्डिंग चालेल का?

आठवणीपुरतं चालेल. पुढे प्रशिक्षणाला वापरायचं असेल तर मिक्सरमधून घ्या, आणि सगळ्यात मोठ्या आवाजाला मीटर उणे ६ डेसिबलच्या वर जाणार नाही इतकं हळू ठेवा. हळू रेकॉर्ड झालेलं वाढवता येतं, फाटलेलं शिवता येत नाही.

दुभाषी किंवा श्रवणयंत्र वापरणारे लोक असतील तर?

दुभाष्याला बाकी सगळ्यांपेक्षा स्वच्छ आवाज लागतो, कारण तो ऐकतानाच बोलत असतो. समांतर भाषांतरासाठीच्या आयएसओ २०१०८ मानकात १२५ ते १५,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज अपेक्षित आहे. साध्या फोनलाइनचा पट्टा ३०० ते ३,४०० हर्ट्झचाच असतो, त्यामुळे फोनवरून जोडलेल्या वक्त्याचं भाषांतर करायला त्यांना सांगू नका. श्रवणयंत्रात टेलिकॉइल (चुंबकीय संकेत पकडणारी छोटी गुंडाळी) असेल तर इंडक्शन लूप (तो संकेत देणारं तारेचं वेटोळं) बसवलेल्या हॉलमध्ये आवाज थेट यंत्रात पोचतो. नोंदणीच्या फॉर्मवर याबद्दल एक ओळ विचारा, म्हणजे वेळेत सोय होते.

ऑपरेटर लागतोच का?

हो. माईक एकाहून जास्त असतील तर लागतोच, आणि दिवसभर. सकाळी लावून निघून जाणारा नको.

साउंडचेक कधी आणि कसा?

लोक यायच्या किमान एक तास आधी सगळं जोडून, वाजवून झालेलं हवं. ‘हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग’ यावरून काही कळत नाही. तो ओळखीचा शब्द कान स्वतःच पूर्ण करतो. त्याऐवजी एकाला माईकवर अनोळखी आडनावं आणि उलटसुलट आकडे वाचायला लावा, आणि दुसऱ्याने शेवटच्या रांगेतल्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून ते लिहून घ्यायचे. मग दोन्ही कागद शेजारी ठेवून ताडून पाहा. एसी चालू ठेवूनच करा. ज्या लॅपटॉपवरून व्हिडिओ वाजणार तोच लॅपटॉप लावून तोच व्हिडिओ एकदा वाजवा. प्रशिक्षकाला त्याच्या नेहमीच्या आवाजात दोन मिनिटं फिरत फिरत बोलायला सांगा.

त्या दिवशी जवळ काय असू द्यावं?

एक तारेचा माईक लांब केबलसह, मिक्सरला जोडून चालू स्थितीत ठेवलेला. कॉर्डलेस काहीही झाला तरी दहा सेकंदांत हा हातात देता येतो. नवे सेल, एक जास्तीची एक्सएलआर (माईकची) केबल, डीआय बॉक्स, एक्स्टेंशन बोर्ड, आणि केबलवर लावायचा कापडी टेप. वाटेवरची प्रत्येक केबल टेपने पूर्ण झाकून चिकटवा. विजेची तार आणि माईकची तार शेजारी शेजारी नेऊ नका, ओलांडायचीच असतील तर काटकोनात ओलांडा. आणि ऑपरेटरजवळ कार्यक्रमपत्रिकेची छापील प्रत द्या, कुठल्या सत्रात कोण कुठला माईक वापरणार ते पेनाने लिहून.